बोटीवरचा आपला माणूस

दारेसलाम, ३ डिसेंबर १९५५

भाई,

म्हणजे आता मी पर्सर झालो. मला न विचारता. बढती देणारा तूच आणि कळवणाराही तूच, तेसुद्धा पत्राच्या शेवटच्या दोन ओळींत, कागदावर जागा उरली होती म्हणून लिहिल्यासारखं. घर सोडल्यापासून तुझी जी काही पत्रं आली त्या सगळ्यांत एकच पालुपद. मनूने घराण्याचं नाव घालवलं, प्रभूंचा मुलगा लोकांची उष्टी काढतो, फणसवाडीत मान वर करून चालायची सोय ठेवली नाही. आणि आता त्याच फणसवाडीत तू सांगत फिरतोस की धाकटा भाऊ बोटीवर पर्सर आहे, प्रवाशांचा आणि हिशेबाचा ऑफिसर. मग उष्टी कोण काढतं रे? कॅप्टन?

मी काय करतो ते तुला पक्कं ठाऊक आहे, तरी पुन्हा लिहितो, म्हणजे विसरायला नको. पँट्रीत सोड्याच्या गरम पाण्यात थाळ्या धुतो. जेवणाच्या घंटेला स्वस्तातल्या बंकवाल्या प्रवाशांच्या टेबलांवरून त्या उचलतो. आणि समुद्र चढला की भुशाची बादली घेऊन फिरतो. कोणी ओकलं की वर लाकडाचा भुसा टाकायचा, जरा मुरू द्यायचा आणि पत्र्याने खरवडून उचलायचा. हे माझं ऑफिस.

आपल्या शकूचं लग्न जमलं ह्याचा मला आनंद नाही असं समजू नकोस. तिचं एकदा ठरून मोडलं तेव्हा ती जिन्याखाली बसून रडायची ते मी पाहिलंय, तू तेव्हा ऑफिसात असायचास. मुलगा मोंबासाच्या बंदर कचेरीत आहे, जगदीश नाव, लग्न तिकडेच, हे चांगलंच. त्याचे दादरचे काका हेमचंद्र ह्यांनी पुढाकार घेऊन जमवलं, हेही चांगलं. पण त्यांना खूष करायला तुला माझ्याबद्दल थाप मारायची काय गरज होती? आणि मारलीस तर मारलीस, बोटीचं नाव कशाला सांगितलंस? आता दादरचा कोणीही माणूस जे करील तेच त्यांनी केलं. 'आपला माणूस आहे बोटीवर, मग दुसरी बोट कशाला?' असं म्हणून सगळ्या वऱ्हाडाची तिकिटं नेमकी आमच्याच बोटीवर काढली. तू हे वाक्य पत्रात लिहिलंस ते मी पँट्रीत कोंडीरामला वाचून दाखवलं. आम्ही दोघं खूप हसलो. नंतर मला हसू येईना.

एक लिहायचं राहिलं. आईला काय सांगितलंयस? तिलाही पर्सरच सांगितलंयस का?

तू विचारलंस, बायकामाणसं आणि पोर बरोबर आहे तर काय काय तयारी करावी, म्हणून लिहितो. आधी सुया. देवी आणि पिवळा ताप, दोन्हींचे दाखले प्रत्येकाचे वेगळे, तुझ्या चंपाचासुद्धा. चार वर्षांची आहे म्हणून कोणी सोडत नाही. तो दाखला नसला तर परत येताना मुंबईत उतरू देत नाहीत, वेगळं काढून कोंडतात. सुया आत्ताच घ्या. आईचा दंड सुजेल, अंग तापेल, ते घरी होऊ दे, बोटीवर नको.

मग सामान. त्याचे दोन भाग करायचे. जे बोटीच्या पोटात जाईल ते मोंबासा येईपर्यंत दिसायचं नाही. लोक सगळं ट्रंकेत भरून खाली पाठवतात आणि दुसऱ्याच दिवशी आपल्या उर्मिलावहिनींसारखी एखादी बाई मला धरते, 'अहो भाऊ, माझी दुसरी साडी तेवढी काढून देता का?' कुठून काढून देऊ? म्हणून शकूचे दागिने, लग्नाचा शालू, मंगळसूत्र, आईची औषधं हे सगळं हातातल्या पेटीत. खाली जाणाऱ्या ट्रंकांना लाल फडकं बांधा. काळ्या ट्रंका सगळ्यांच्याच असतात.

मनू


रे रोड, मुंबई, २२ डिसेंबर १९५५

भाई,

घाबरू नकोस, घरी आलो नाही. गोदीच्या फाटकावर तुझी चिठ्ठी मिळाली. 'ह्या खेपेलाही वाडीत येऊ नकोस, हेमचंद्रकाकांकडची माणसं सारखी ये-जा करतात, त्यांनी तुझा अवतार पाहिला तर सगळं फिसकटेल.' बरं. नाही येत. एकाच गावात बसून तुला पोष्टाने पत्र लिहितोय. पोष्टमनला काय वाटायचं ते वाटो.

खोली कोंडीरामच्या गाववाल्यांची आहे. कोंडीराम म्हणजे पँट्रीतला माझा जोडीदार, मूळचा मालवणकडचा, आधी लालबागला गिरणीत होता. खोलीत माणसं दाटून आहेत, पण एकजण पाळीला गेला की त्याची वळकटी मिळते. खाली लाकडाच्या वखारी, दिवसभर करवती बोंबलतात. आमच्या बोटीचा भुसा इथूनच जातो. काल गोणी भरायला आम्हालाच पाठवलं. कोंडीराम म्हणतो, 'दाबून भर रे झिला, दाबून भर. तुझ्या भयणीच्या वऱ्हाडाक लागतलो.' मी त्याच्या अंगावर मूठभर भुसा फेकला.

आईलाही पर्सरच सांगितलंस हे तुझ्या चिठ्ठीतून कळलं. तिने देवापुढे साखर ठेवली म्हणतोस. ठेवू दे.

एकदा वाडीच्या तोंडाशी आलो होतो, हे दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच लिहितो. मुद्दाम नाही. आईसाठी कॅनव्हासचे बूट घ्यायला ठाकुरद्वारला आलो होतो, तिथून चार पावलं. बोटीचे जिने लोखंडाचे आणि सदा ओले असतात, चपलेने माणूस घसरतो. बूट घातल्याशिवाय आईला जिना चढू देऊ नकोस, ती ऐकणार नाही, म्हणेल बायकांनी बूट घालायचे का, तरी घाल. नऊवारीचा काष्टा घट्ट असू दे, पायघोळ नको. बूट समोरच्या इराण्याकडे ठेवलेत, तुझं नाव सांगून घेऊन जा. तो म्हणाला, 'अरे मनू, समोर तर घर हाय तुझा. वर का नाय जात?' मी म्हटलं, घाई आहे, बोट सुटते.

बोट सुटायला अजून आठवडा आहे.

आई गॅलरीत सांबार मसाल्याच्या मिरच्या वाळत घालत होती. वाळली आहे. मिरच्या नव्हेत, आई. मी इराण्याच्या दारात उभा होतो. एकदा माझ्याकडे बघून थांबली असं वाटलं, पण तिला आता लांबचं दिसत नाही असं तूच लिहिलं होतंस. खरं असावं, कारण हाक मारली नाही. सुपातल्या मिरच्या पुन्हा पुन्हा पसरत मात्र राहिली. बरं झालं, दिसलं नाही ते.

सांबारावरून आठवलं. परभी सांबार भरपूर घ्या, डबा मेणकापडात गुंडाळा. बोटीवर भटारखाने दोन, शाकाहारी आणि मासमच्छीचा, पण तिसऱ्या दिवसापासून दोन्हींची चव एकच लागते. जेवणावर चिमूटभर सांबार टाकलं की घर आठवतं. हे बरं की वाईट ते ज्याने त्याने ठरवायचं. शिंगड्यांचा फराळ करून घ्या, टिकतो. तळलेल्या मासळीचा डबा अजिबात नको. मागे एका वऱ्हाडाने आणला होता, वासाने आसपासचे सगळे बंक आडवे झाले.

बाजारात, नाक्यावर सगळीकडे तीच एक गोष्ट चालली आहे, मुंबई महाराष्ट्राची होणार की नाही. खोलीत तर रोज भांडणं होतात, आणि सगळे एकाच बाजूचे असून. तू सरकारी नोकर, तुझं तोंड बंद असेल. मोर्च्याबिर्च्याच्या दिवशी चंपाला खाली पाठवू नका.

मनू


मोंबासा, ९ जानेवारी १९५६

भाई,

नाही, नाही आणि नाही. हे तुझं पत्र वाचल्यावर पहिल्यांदा लिहिलेलं उत्तर. ते फाडलं. हे दुसरं.

तू लिहितोस, 'दोन तासांचा प्रश्न आहे. बोट सुटायच्या वेळी पांढरा कोट घालून वरच्या जिन्याशी उभा राहा, काकांशी इंग्रजीत चार शब्द बोल, म्हणजे झालं. मग प्रवासात आमच्याकडे फिरकू नकोस, मी काकांना सांगेन, ड्युटी कडक असते.' हे तू इतक्या सहज लिहिलंस की जशी काही गणपतीच्या नाटकात सोंग काढायची गोष्ट आहे. आणि जेवणाच्या वेळी मी थाळ्या उचलायला आलो की काका काय म्हणतील? पर्सरसाहेब स्वतः लक्ष घालतात हो! त्यातून ते दुसऱ्या वर्गात आणि तुम्ही बंकमध्ये. तुझ्या पत्रावरून त्यांचा समज असा दिसतो की ऑफिसरच्या घरची माणसं बंकमध्ये राहणारच नाहीत, बोट सुटली की मी तुम्हाला वर हलवीन. मी एक बादली ह्या मजल्यावरून त्या मजल्यावर विचारल्याशिवाय हलवू शकत नाही.

पण नाही म्हटलं तर शकूचं काय, हे तू लिहिलंस ते दोन दिवस डोक्यातून गेलं नाही. 'मुलीकडचे खोटं बोलले एवढं त्यांना पुरे आहे. पुन्हा मोडलं तर ती विहीर जवळ करील.' असं लिहायचं नसतं, भाई. मी इथे लांब आहे, मला रात्री झोप लागत नाही.

तर ऐक. बोटीच्या धोबीखान्यात गेलो. धोबी ओळखीचा आहे. पर्सरचा इस्त्रीचा कोट खुंटीवर होता, पितळी बटणांचा. धोब्याने दार लावून घेतलं आणि म्हणाला, बघ घालून. घातला. अंगाला बरोबर बसला. आरशात बघितलं तर बाबांसारखा दिसलो, त्यांचा तो दिवाणखान्यातला फोटो आहे ना, तसा. मी जरा ताठ उभा राहिलो. कोंडीराम मागून म्हणाला, 'कोट झ्याक दिसता रे. पण हात खंय लपवतलंस?'

हात बाहेर राहतात, भाई. सोड्याने बोटांची कातडी सुटली आहे, भेगांत काळं भरलंय, नखं अर्धी गेली आहेत. हेमचंद्रकाकांशी हात मिळवणार कसा? आणि काकांचं सोड. आई जिना चढून वर येईल, ती पहिल्यांदा काय करील? हातच धरील ना. ती कधी तोंडाकडे बघून विचारपूस करते का? लहानपणी तापसुद्धा हात धरून बघायची. कोट काढून खुंटीला लावला. धोब्याने पुन्हा इस्त्री फिरवली.

मी काहीतरी वाट काढतो. तुम्ही तयारी चालू ठेवा.

बंकची जागा नंबराने मिळते असं कागदावर असतं, पण जो आधी पोचेल त्याची चादर. तू हमालाच्या पुढे धाव आणि बोटीच्या मधोमध, इंजिनपासून आणि संडासापासून लांब, अशी जागा धर. आईला खालचा बंक, चंपाला भिंतीकडे. जाताना उजवीकडे सकाळचं ऊन येत नाही, तिकडे वाऱ्याला बसा. मोरीत पाणी खारं असतं, साबणाला फेस येत नाही, बायका चिडतात. बेसन घ्या. गोडं पाणी सकाळी थोडा वेळ सोडतात, त्यात आधी आईची आंघोळ.

चंपाच्या पायात पैंजण घाला, वाजणारे. पोर दिसेनासं झालं की आधी कान द्यावा, मग धावावं. उघड्या डेकवर कमरेला जुन्या साडीचा पट्टा बांधून टोक वहिनींनी मनगटाला गुंडाळायचं. लोक हसतात, हसू दे. मी हसणाऱ्यांची पोरं शोधायला पळालोय.

आणि ओकारी. ती सगळ्यांना होते, तिची लाज धरू नका. रिकाम्या पोटी पडून राहिलं की जास्त होते. कुरमुरे, सुकी चपाती, आमसूल, सुंठ. दुधाचा चहा बंद. डोळे मिटू नयेत, लांब जिथे पाणी संपतं तिथे बघत बसावं. शकूला हे जमेल, तिला तशीही लांब बघत बसायची सवय आहे. आईला नाही जमणार. आईला भाताची पेज, मीठ घालून, थोडी थोडी. ती मी बघतो.

मनू


मोंबासा, २९ जानेवारी १९५६

भाई,

पत्र का नाही? जाताना एक मिळायला हवं होतं, येताना एक. एजंटच्या ऑफिसात विचारलं तर म्हणाले मुंबईची डाकच धड येत नाही. डर्बनला असताना रेडिओवर ऐकलं. मुंबईत गोळीबार, कर्फ्यू, माणसं मेली, गिरगावचं नाव आलं, ठाकुरद्वारचं आलं. इंग्रजीत भराभर बोलतो तो, नावं वेडीवाकडी घेतो, कोंडीराम माझा दंड धरून विचारत होता, 'लालबाग म्हणालो काय? लालबाग?' मला कळलं नव्हतं. मी नाही म्हणालो. 

तुम्ही सगळे बरे आहात असं मी धरून चाललोय. दुसरं काही धरून चालता येत नाही. सगळ्या खिडक्या लावून आतल्या खोलीत बसला असाल. मी तिथे असतो तर तू मला कोंडून घातलं असतंस आणि मी खिडकीतून पळालो असतो, नेहमीसारखा. तिकिटं अजून आहेत ना? बोट १४ फेब्रुवारीला सुटणार हे नक्की आहे.

आता मुद्द्याचं. तुझा प्रश्न सुटला. मी बोट सोडली.

आमच्याच कंपनीची एक मालाची बोट इथे उभी आहे. तिच्या भटारखान्यातला एक माणूस आजारी पडून उतरला, त्याच्या जागी मी नाव दिलं. काल सही केली. पगार जास्त आहे. काम हलकं आहे. बोट आधी टांगा बंदराला जाईल, तिथे दोर वळायच्या वाखाचे गठ्ठे भरेल आणि मग लांब, युरोपात कुठल्या कुठल्या बंदरांना. परत कधी ते कोणी सांगत नाही. तू म्हणायचास ना, मनूचं बूड एका जागी टिकत नाही. तसंच सांग सगळ्यांना. हेमचंद्रकाकांना सांग, मनूची बढतीवर बदली झाली, मोठ्या बोटीवर गेला. हे खोटं निदान पकडलं जाणार नाही. कोट लागत नाही, हात लागत नाहीत. शकूचं लग्न नीट होऊ दे.

कोंडीरामने मला खूप शिव्या दिल्या. म्हणाला, 'आवशीक तीन वर्सांनी बघूक गावता, नि तू पळतंस?' मी त्याला सांगितलं, तुला नाही समजायचं. तो म्हणाला, माका सगळा समाजता, आणि थाळ्या आपटत राहिला. मग स्वतःच विचारलं, म्हातारी कशी ओळखायची. मी सांगितलं, नऊवारी, हाडकुळी, पायात कॅनव्हासचे बूट असलेली बोटीवर एकच असेल. माझी टेबलं आता त्याच्याकडे आहेत. रोज सकाळी तो आईला पेज आणून देईल, मीठ बेताने. तो काही बोलणार नाही, तुम्हीही त्याला काही विचारू नका. बक्षीस देऊ नका, रागावतो. समुद्र चढला आणि तो बादली घेऊन आला तर चंपाला म्हणावं, नाक दाबू नकोस.

आईला काय सांगायचं ते मला सुचत नाही. ती साखर ठेवून बसली आहे. तिला सांग, बोट खूप मोठी आहे, नवी आहे, मनूला जावंच लागलं.

धक्क्यावर बोट लागली की सगळे जिन्याकडे धावतात, रेटारेटी होते, म्हाताऱ्या माणसांना लागतं. तुम्ही बसून राहा. सगळे उतरले की उतरा. धक्क्यावर ऊन फार असतं, आईच्या डोक्यावर ओला रुमाल टाक.

मनू


टांगा बंदर, १७ फेब्रुवारी १९५६

भाई,

हे पत्र मी मोंबासाला जगदीशच्या पत्त्यावर टाकतो आहे, म्हणजे तुम्ही उतराल तेव्हा ते तुमच्या आधी पोचलेलं असेल. आत्ता तुम्ही समुद्रावर आहात. सुटून आज तीन दिवस झाले, आज सगळे आडवे झाले असाल.

आज शकूचं पत्र मिळालं. १५ जानेवारीची तारीख आहे. दुसऱ्या दिवसापासून गिरगावात गोंधळ सुरू झाला, पोष्ट बंद, कर्फ्यू, ते तिथेच कुठेतरी पडून राहिलं. मोंबासाच्या एजंटकडे आलं तेव्हा माझी जुनी बोट मुंबईच्या वाटेला लागली होती आणि मी इकडे. त्यांनी ते टांग्याला पाठवलं, लाँचवाल्याने वाखाच्या पावत्यांबरोबर आणून दिलं. वेळेवर मिळालं असतं तर मी सही केली नसती. आता सही केली आहे आणि बोट उद्या सुटते.

शकूने अक्षर नीट काढलंय. तुला न सांगता लिहिलंय तिने, तिच्यावर रागावू नकोस, आता ती दुसऱ्याच्या घरची होईल. अर्धं पत्र आईने सांगितलेलं आहे. मी जसंच्या तसं उतरवतो, कारण तुलाही कळायला पाहिजे.

'मनू, तू इराण्याच्या दारात उभा होतास ते मी पाहिलं. मला सुई ओवता येत नाही, पण माझा मुलगा ओळखता येतो. हात पाठीमागे धरून उभा होतास. शाळेत असताना शाईने हात भरले की असाच उभा राहायचास. ऑफिसरला हात लपवावे लागत नाहीत, म्हणून मी समजले. मी हाक मारली नाही, कारण तुझा भाई, अच्युत, घरात होता आणि खाली हेमचंद्ररावांची माणसं टांग्यातून उतरत होती. त्या दिवशी संध्याकाळी बूट आले. अच्युत म्हणाला त्याने आणले. बरोबर मापाचे आहेत. माझ्या पायाचं माप अच्युतला माहीत नाही.

'बोटीवर मी तुला ओळख देणार नाही, तू भिऊ नकोस. शकूचं लग्न होईपर्यंत मी तुझ्याकडे बघणारसुद्धा नाही. फक्त जेवणानंतर माझी थाळी उचलायला तूच येत जा. मी काही टाकणार नाही, थाळी चाटून पुसून ठेवीन, तुला खरवडायला लागणार नाही. खोबरेलात कापूर घालून एक डबा आणि एक छोटी बाटली बरोबर घेते आहे. ती थाळीच्या आड ठेवीन. तू थाळीबरोबर उचल आणि हाताला लाव. दुसऱ्या दिवशी रिकामी झाली की परत थाळीच्या जागी ठेव, मी पुन्हा भरून ठेवीन. कोणाला काही कळणार नाही.'

खाली शकूने स्वतःचं लिहिलंय, 'मनू, तू कोण आहेस ते मी जगदीशरावांना पत्रात आधीच कळवलं होतं. त्यांचं उत्तर आलं, की बंदरात राहून ते रोज बोटीवरची माणसंच बघतात, त्यांना त्यात काही वाटत नाही, काकांना मात्र ते सांगणार नाहीत. भाईला हे सांगायची माझी हिंमत झाली नाही.'

मी हे पत्र भटारखान्याच्या दारात उभं राहून वाचलं. मग आत जाऊन भांडी घासली. इथे काम हलकं नाही, आणि पगार जास्त नाही, कमी आहे. ते मी तुला असंच लिहिलं होतं.

भाई, मी तुझ्याशी आता भांडत नाही. भांडायला काही राहिलं नाही. एवढंच विचारतो. आई जेवायला बसते तेव्हा तू तिच्याजवळ बसतोस का? कोण थाळी उचलायला येतं ते ती बघत असेल. पहिल्या दिवशी कोंडीराम आला असेल. तिने बाटली पदराखाली परत घेतली असेल, म्हटलं असेल उद्या येईल. तू बढतीचं सांगितलंयस, पण तिला ते खरं वाटलं नसेल, तिला वाटत असेल भाऊ भाऊ ठरवून बोलतायत, मनू बोटीवरच आहे. कोंडीरामला मी सांगून ठेवलं आहे की काही बोलायचं नाही, आणि तो बोलणार नाही. तो थाळी उचलील आणि जाईल. असं रोज दोन वेळा, मोंबासा येईपर्यंत.

हे पत्र मिळेल तेव्हा तुम्ही उतरलेले असाल. तेव्हा आईला खाली बसव, पाणी दे, आणि मग खरं सांग, की मनू बोटीवर नव्हता. तिचं पत्र उशिरा पोचलं. तिला बघितल्यावर पळाला असं नाही. बाटली शकूकडे ठेवू दे. मी कधी मोंबासाला आलो तर तिच्याकडून घेईन.

चंपाला सांग, तिचा एक काका आहे.

मनू

ता. क. परतीला आईला बंकमध्ये झोपवू नकोस. खालचा बंक मिळाला तरी इंजिनाचा दणका तिच्या हाडांना सोसायचा नाही. दुसऱ्या वर्गात एक बर्थ तिच्या एकटीच्या नावाने घे, खिडकीखालचा, आणि कोंडीरामला सांग की तिचं जेवण तिथे नेऊन देत जा. काकांना म्हणावं, पर्सरच्या ओळखीने मिळाला. त्यासाठी आजच पोष्टाने तुझ्या नावाने मनिऑर्डर केली आहे, शिलिंग दोनशे चाळीस.